तीव्र हृद्‌रोहिणी लक्षणसमूह

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या हृद्‌रोहिण्यांमधील प्रवाह अचानक कमी झाल्याने किंवा पूर्णपणे थांबल्याने उद्भवणाऱ्या विकारांच्या गटाला तीव्र हृद्‌रोहिणी लक्षणसमूह असे म्हणतात. वैद्यकीय व्यवहारात यासाठी ‘अ‍ॅक्यूट करोनरी सिंड्रोम’ किंवा ‘एसीएस’ ही नावे रूढ आहेत. अस्थिर हृद्‌शूल आणि हृद्‌स्नायू अभिकोथाचे दोन प्रकार असे तीन विकार या गटात मोडतात. बोलीभाषेतील ‘हार्ट अटॅक’ किंवा ‘हृदयविकाराचा झटका’ हे शब्द सामान्यतः यांपैकी हृद्‌स्नायू अभिकोथासाठी वापरले जातात.

या विकारांचे निदान तीन गोष्टींवर आधारलेले असते: रुग्णाची तक्रार, विद्युत् हृल्लेख म्हणजेच ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिन या प्रथिनाची पातळी. रक्त न मिळालेला हृदयाचा स्नायू मरतो व त्याच्या जागी आकुंचन न पावणारा व्रण तयार होतो. त्यामुळे निदान बरोबर असणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेत होणे महत्त्वाचे ठरते.

संज्ञा आणि प्रकार

हृदयाला रक्तपुरवठा कमी पडल्यामुळे छातीत होणाऱ्या वेदनेला हृद्‌शूल किंवा अंजायना म्हणतात. जिना चढताना किंवा भरभर चालताना येणारी आणि विश्रांती घेतल्यावर काही मिनिटांत थांबणारी वेदना जर महिनोन्‌महिने सारख्याच स्वरूपाची राहिली, तर तिला स्थिर हृद्‌शूल म्हणतात. स्थिर हृद्‌शूलाचा समावेश तीव्र लक्षणसमूहात होत नाही. तीव्र लक्षणसमूहाचे तीन प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

अस्थिर हृद्‌शूल: वेदना विश्रांतीच्या अवस्थेतही येते, नव्याने व तीव्रतेने सुरू होते, किंवा पूर्वीची वेदना अलीकडे कमी श्रमात, अधिक वेळा व अधिक काळ येऊ लागते. स्नायूच्या पेशी मेलेल्या नसतात. म्हणून ट्रोपोनिन वाढत नाही.

एसटी-उन्नतीविना हृद्‌स्नायू अभिकोथ: यास संक्षेपाने ‘एनस्टेमी’ म्हणतात. ट्रोपोनिन वाढलेले असते, म्हणजे काही पेशी मेलेल्या असतात. परंतु ईसीजीमध्ये एसटी हा भाग सातत्याने वर उचललेला दिसत नाही. रोहिणी बहुधा अंशतः बंद झालेली असते.

एसटी-उन्नतीसह हृद्‌स्नायू अभिकोथ: यास संक्षेपाने ‘स्टेमी’ म्हणतात. ईसीजीतील एसटी भाग वर उचललेला असतो. याचा अर्थ बहुतेक वेळा मोठी रोहिणी पूर्ण बंद झाली आहे आणि तिच्या क्षेत्रातील स्नायू पूर्ण जाडीत धोक्यात आहे असा होतो.

हे वर्गीकरण उपचार ठरवण्यासाठी केलेले आहे. स्टेमीमध्ये बंद रोहिणी तत्काळ उघडावी लागते, तर उर्वरित दोन प्रकारांत गुठळी वाढू न देणे आणि रुग्णाच्या धोक्यानुसार अँजिओग्राफीची वेळ ठरवणे हे धोरण असते.

विकारप्रक्रिया

महारोहिणीच्या उगमाजवळून उजवी व डावी अशा दोन हृद्‌रोहिण्या निघतात. डावीच्या दोन प्रमुख शाखा होतात. एक हृदयाच्या पुढील बाजूने खाली उतरते, तर दुसरी डाव्या बाजूने मागे वळते. या रोहिण्यांच्या आतील अस्तराखाली अनेक वर्षे मेद, दाहपेशी व तंतू साचून जो थर बनतो त्यास विलेप म्हणतात.

विलेपावरील तंतुमय आवरण पातळ होऊन फाटले किंवा त्यावरील अस्तर झिजले, की आतील द्रव्याचा रक्ताशी संपर्क येतो. तेथे रक्तबिंबिका म्हणजेच प्लेटलेट चिकटतात, रक्त साकळते आणि काही मिनिटांत गुठळी तयार होऊ शकते. फाटणारा विलेप नेहमी सर्वांत मोठाच असतो असे नाही. रोहिणी पुरेशी मोकळी असल्याने ज्याने आधी कोणताही त्रास दिला नव्हता, असा विलेपही फाटतो. त्यामुळे काही महिन्यांपूर्वीची तपासणी समाधानकारक असलेल्या व्यक्तीलाही झटका येऊ शकतो.

रोहिणी पूर्ण बंद राहिल्यास साधारण अर्ध्या तासाच्या आसपास पेशी मरण्यास सुरुवात होते. हा नाश हृदयभित्तीच्या आतील थरापासून बाहेरच्या थराकडे काही तासांत पसरतो. पहिल्या काही तासांत रोहिणी उघडल्यास बाहेरचा बराच स्नायू वाचतो. नंतर उघडल्यास लाभ झपाट्याने घटतो.

क्वचित प्रसंगी रोहिणीचे आकुंचन, तिच्या भित्तीत आपोआप पडलेली चीर किंवा अन्यत्र तयार होऊन वाहत आलेली गुठळी यांमुळेही हा विकार होतो. भित्तीत चीर पडण्याचा प्रकार विशेषतः तरुण व मध्यमवयीन स्त्रियांत आढळतो. तीव्र रक्तक्षय, अतिजलद नाडी किंवा फार कमी रक्तदाब यांमुळे स्नायूची प्राणवायूची गरज व पुरवठा यांचा मेळ न बसल्यासही अभिकोथ होतो; त्यास दुसऱ्या प्रकारचा अभिकोथ म्हणतात व त्याचे उपचार मूळ कारणावर केले जातात.

जोखीम घटक

वय, पुरुष लिंग व कुटुंबातील लवकर आलेला हृदयविकार हे न बदलता येणारे घटक आहेत. सलीम यूसुफ यांच्या नेतृत्वाखालील ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतील अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तातील मेदाचे बिघडलेले प्रमाण, धूम्रपान, उच्च रक्तदाब, मधुमेह, पोटाचा स्थूलपणा, मानसिक ताण, फळे व भाज्यांचे अल्प सेवन, व्यायामाचा अभाव आणि मद्यपानाचे स्वरूप या नऊ घटकांशी पहिल्या अभिकोथाचा सुमारे ९० टक्के धोका निगडित असल्याचे त्यात दिसून आले. याच अभ्यासात दक्षिण आशियातील रुग्णांना पहिला अभिकोथ सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांतील रुग्णांना ५८.८ व्या वर्षी आल्याचे आढळले. तंबाखू ओढली काय किंवा चघळली काय, दोन्ही प्रकारे धोका वाढतो.

लक्षणे

छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखे वाटणे, जडपणा किंवा जळजळ हे प्रमुख लक्षण होय. रुग्ण अनेकदा ‘दुखते’ असे न म्हणता ‘छातीवर ओझे ठेवल्यासारखे वाटते’ असे सांगतो आणि जागा एका बोटाने न दाखवता छातीवर मूठ किंवा पूर्ण तळहात ठेवतो. वेदना डावा किंवा उजवा हात, दोन्ही खांदे, मान, खालचा जबडा, पाठ अथवा पोटाचा वरचा भाग यांकडे पसरू शकते. सोबत दरदरून घाम, मळमळ, उलटी, धाप, चक्कर किंवा विलक्षण अशक्तपणा असू शकतो.

अभिकोथाची वेदना साधारणतः १५ ते २० मिनिटांहून अधिक काळ टिकते व विश्रांतीने पूर्ण थांबत नाही. परंतु ती थांबून पुन्हा सुरू होणे हेही धोक्याचे चिन्ह असते, कारण गुठळी काही काळ विरघळून पुन्हा वाढू शकते.

सर्वच रुग्णांत छातीत कळ येत नाही. मधुमेही, वृद्ध व मूत्रपिंडाचा जुना विकार असलेल्या व्यक्तींत केवळ धाप, घाम, भोवळ किंवा गोंधळलेपणा एवढेच लक्षण असू शकते. स्त्रियांमध्येही छातीतील त्रास हेच सर्वांत सामान्य लक्षण असले, तरी धाप, मळमळ, पाठ किंवा जबड्यातील वेदना व थकवा यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा अधिक असते.

हृदयाच्या खालच्या भागातील अभिकोथात वेदना पोटाच्या वरच्या भागात जाणवते आणि उलट्या होतात. त्यामुळे ती ‘ॲसिडिटी’ किंवा ‘गॅस’ समजली जाते. आम्लनाशक औषध, सोडा किंवा ओवा घेतल्यानंतर बरे वाटले, म्हणून दुखणे हृदयाचे नव्हते असा निष्कर्ष काढता येत नाही. त्याचप्रमाणे नायट्रेटची गोळी जिभेखाली ठेवल्यावर वेदना थांबली, एवढ्यावरून ती हृदयाचीच होती असेही सिद्ध होत नाही. अन्ननलिकेच्या आकुंचनाची वेदनाही त्या गोळीने कमी होते.

निदान

विद्युत् हृल्लेख (ईसीजी)

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा बारा लीडचा ईसीजी पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १० मिनिटांच्या आत काढून तो जाणकाराने वाचावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. शेजारच्या किमान दोन लीडमध्ये एसटी भाग वर उचललेला असल्यास स्टेमीचे निदान केले जाते. कोणत्या लीडमध्ये बदल आहे यावरून बाधित भागाचा अंदाज येतो. व्ही १ ते व्ही ४ मधील बदल हृदयाचा पुढचा भाग, लीड २, ३ व एव्हीएफ मधील बदल खालचा भाग, तर लीड १, एव्हीएल, व्ही ५ व व्ही ६ मधील बदल बाजूचा भाग सुचवतात. खालच्या भागाच्या अभिकोथात उजव्या बाजूचे लीडही तपासले जातात, कारण उजव्या जवनिकेला इजा असल्यास नायट्रेटमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.

एसटी भाग खाली जाणे किंवा टी तरंग उलटा होणे हे एनस्टेमी व अस्थिर हृद्‌शूलात आढळते. मात्र व्ही १ ते व्ही ३ मध्ये एसटी खाली गेल्याचे दिसत असताना हृदयाच्या मागील भागाची रोहिणी पूर्ण बंद असू शकते. अशा वेळी पाठीवरील लीड उपयोगी पडतात.

पहिला ईसीजी सामान्य असला, तरी तीव्र लक्षणसमूह नाही असे म्हणता येत नाही. वेदना चालू असल्यास किंवा परत आल्यास ईसीजी थोड्या-थोड्या वेळाने पुन्हा काढला जातो व आधीचा उपलब्ध असल्यास त्याच्याशी ताडून पाहिला जातो.

ट्रोपोनिन

ट्रोपोनिन हे स्नायूच्या आकुंचनात भाग घेणारे प्रथिन आहे. हृदयाच्या पेशींना इजा झाल्यावर त्यातील ‘आय’ व ‘टी’ हे घटक रक्तात उतरतात. जुन्या चाचणीत ही वाढ दिसण्यास तीन ते सहा तास लागत. अतिसंवेदनशील चाचणीत ती त्याआधीच टिपता येते. पातळी एक ते दोन आठवडे वाढलेली राहू शकते.

एकाच चाचणीपेक्षा पातळीतील चढउताराला अधिक महत्त्व आहे. म्हणून अतिसंवेदनशील चाचणी एक ते तीन तासांच्या अंतराने पुन्हा केली जाते. मूत्रपिंडाचा जुना विकार, हृद्‌स्नायुदाह, फुप्फुस रोहिणीतील गुठळी, हृदय निकामी होणे व तीव्र जंतुसंसर्ग यांतही ट्रोपोनिन वाढते. त्यामुळे वाढलेली पातळी पेशींची इजा दाखवते, तिचे कारण सांगत नाही. ईसीजीवर स्टेमी स्पष्ट असल्यास ट्रोपोनिनच्या अहवालासाठी उपचार थांबवले जात नाहीत.

सदृश विकार

महारोहिणीच्या भित्तीला चीर पडणे हा सर्वांत धोकादायक सदृश विकार आहे. त्यातील वेदना सुरुवातीपासूनच अत्यंत तीव्र, फाडल्यासारखी व अनेकदा पाठीत जाणारी असते; दोन हातांतील रक्तदाबात फरक असू शकतो. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारे औषध दिल्यास प्राणघातक रक्तस्राव होण्याचा धोका असतो. फुप्फुस रोहिणीतील गुठळी, छातीत हवा भरणे, परिहृद्‌दाह, जठरव्रण, पित्ताशयाची सूज, बरगड्यांच्या स्नायूंची वेदना, नागीण व तीव्र भीतीचा झटका यांचाही विचार करावा लागतो. दीर्घ श्वासाने वाढणारी किंवा दाबल्यावर दुखणारी वेदना हृदयाची असण्याची शक्यता कमी असते, परंतु केवळ तेवढ्यावरून ती शक्यता निकाली काढता येत नाही.

रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी

संशय येताच रुग्णवाहिका बोलावणे ही पहिली कृती होय. महाराष्ट्र व गोव्यात १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक असून ११२ हा देशव्यापी आपत्कालीन क्रमांक आहे. रुग्णाला चालवू नये, जिना चढवू नये किंवा स्वतः वाहन चालवू देऊ नये. त्याला आराम वाटेल अशा स्थितीत, बहुधा अर्धवट बसवून, ठेवावे.

ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसल्यास सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खाण्यास देतात. चावल्याने ते लवकर शोषले जाते. आपत्कालीन सेवेच्या किंवा डॉक्टरांच्या सल्ल्याने ते देणे योग्य. सॉर्बिट्रेट या नावाने परिचित असलेली नायट्रेटची गोळी मात्र इतरांच्या सांगण्यावरून देणे धोक्याचे आहे. रक्तदाब कमी असल्यास किंवा रुग्णाने सिल्डेनाफिलसारखे औषध नुकतेच घेतले असल्यास ती घातक ठरू शकते.

रुग्ण बेशुद्ध पडून त्याचा श्वास थांबला किंवा केवळ आचके लागले, तर हृदयक्रिया बंद पडली असे समजून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या वेगाने व प्रौढांमध्ये ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देण्यास लगेच सुरुवात करतात. स्वयंचलित डीफिब्रिलेटर जवळ असल्यास तो लावतात. जोरात खोकल्याने झटका टळतो हा समज निराधार आहे.

रुग्णालयातील उपचार

स्टेमीमध्ये रोहिणी उघडण्याचे दोन मार्ग आहेत. तातडीच्या अँजिओप्लास्टीत मनगटातील किंवा जांघेतील रोहिणीतून बारीक नळी नेऊन फुग्याने अडथळा दूर करतात व बहुधा स्टेंट बसवतात. निदानापासून १२० मिनिटांच्या आत हे शक्य असल्यास हाच मार्ग श्रेयस्कर मानला जातो. ते शक्य नसल्यास आणि लक्षणे सुरू होऊन १२ तास उलटले नसल्यास टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज यांसारखे गुठळी विरघळवणारे औषध शक्य तितक्या लवकर दिले जाते. त्यानंतर रुग्णाला अँजिओप्लास्टीची सोय असलेल्या केंद्राकडे हलवतात. म्हणजे लहान गावातील रुग्णालयातही उपचाराचा निर्णायक टप्पा सुरू होऊ शकतो. अलीकडचा पक्षाघात, मेंदूतील पूर्वीचा रक्तस्राव किंवा चालू रक्तस्राव असल्यास हे औषध देता येत नाही.

एनस्टेमी व अस्थिर हृद्‌शूलात गुठळी विरघळवणारे औषध दिले जात नाही. त्याने लाभ होत नाही व अपाय होऊ शकतो. वेदना थांबत नसणे, रक्तदाब घसरणे किंवा घातक लयबिघाड यांपैकी काही असल्यास दोन तासांच्या आत अँजिओग्राफी केली जाते. इतर अधिक धोक्याच्या रुग्णांत ती साधारण २४ तासांत करण्याकडे कल असतो.

तिन्ही प्रकारांत ॲस्पिरिनसोबत क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉरसारखे दुसरे बिंबिकारोधक आणि हेपॅरीन वर्गातील औषध दिले जाते. प्राणवायू सर्वांना देण्याची पूर्वीची पद्धत आता मागे पडली असून रक्तातील त्याची संपृक्तता ९० टक्क्यांखाली असल्यासच तो देतात.

गुंतागुंत

पहिल्या काही तासांतील मृत्यूचे प्रमुख कारण जवनिकांचे तंतुस्फुरण हा लयबिघाड होय. विजेच्या धक्क्याने तो तत्काळ दुरुस्त करता येतो. रुग्ण लवकर रुग्णालयात पोहोचणे यासाठीही आवश्यक असते. बराच स्नायू मेल्यास हृदय निकामी होते किंवा हृद्‌जन्य अवसाद उद्भवतो. उशिरा आलेल्या रुग्णांत हृदयाची भित्ती, पडदा किंवा झडपेचा आधार फाटण्याचा धोका असतो.

रुग्णालयातून परतल्यानंतर

दोन बिंबिकारोधक औषधे सहसा वर्षभर व त्यापुढे एक औषध चालू ठेवले जाते. स्टेंट बसवल्यानंतर ही औषधे मनाने बंद केल्यास स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा अभिकोथ होऊ शकतो. दंत उपचार किंवा शस्त्रक्रियेपूर्वीही ती बंद करण्याचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांना विचारून घ्यावा लागतो. यांखेरीज स्टॅटिन आणि रुग्णाच्या स्थितीनुसार बीटारोधक व एसीई-रोधक औषधे दिली जातात. तंबाखू सोडणे, रक्तदाब व मधुमेहाचे नियंत्रण आणि देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम हे हृदय पुनर्वसनाचे भाग आहेत.

भारतातील स्थिती

‘क्रिएट’ या नोंदणी अभ्यासात भारतातील ५० शहरांमधील ८९ केंद्रांतून निश्चित निदान झालेल्या २०,४६८ रुग्णांची माहिती अभ्यासली गेली. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांचे सरासरी वय ५७.५ वर्षे होते व ६०.६ टक्के रुग्णांना स्टेमी होता. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक कालावधी ३६० मिनिटे होता, तर रुग्णालयात आल्यापासून गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंतचा ५० मिनिटे. म्हणजे वेळेचा मोठा अपव्यय रुग्णालयाच्या दाराबाहेर होत होता.

तीस दिवसांतील मृत्यूचे प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के, तर श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशोबात घेतल्यावर ही तफावत नाहीशी झाली. जोखीम घटकांतील फरक हिशोबात घेऊन ती नाहीशी झाली नाही. यावरून गरीब रुग्णांच्या अधिक मृत्यूंचा संबंध उपचार न मिळण्याशी असल्याचे सूचित होते.

हे अंतर कमी करण्यासाठी मोठे रुग्णालय मध्यवर्ती ठेवून त्याला लहान रुग्णालये जोडण्याची पद्धत अनेक राज्यांत स्वीकारली गेली आहे. लहान केंद्रात काढलेला ईसीजी दूरवरच्या तज्ज्ञाकडे पाठवून निदान मिळवले जाते व गुठळी विरघळवणारे औषध तेथेच सुरू केले जाते. गोव्यात बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाला केंद्रस्थानी ठेवून अशी योजना राबवण्यात आली आहे.

इतिहास

विल्यम हेबर्डन यांनी १७६८ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे हृद्‌शूलाचे वर्णन सादर केले; ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झाले. हृद्‌रोहिणीत गुठळी होऊनही रुग्ण जगू शकतो, हे शिकागोचे जेम्स हेरिक यांनी १९१२ मध्ये मांडले. ईसीजीची यंत्रणा विकसित करणारे डच शास्त्रज्ञ विलेम आइन्थोव्हेन यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात हृदयरुग्णांसाठी स्वतंत्र अतिदक्षता कक्ष सुरू झाल्यावर लयबिघाडाने होणारे मृत्यू घटले.

गुठळी हे अभिकोथाचे कारण की परिणाम, हा वाद १९७० च्या दशकापर्यंत चालू होता. अमेरिकेत मार्कस डीवुड व सहकाऱ्यांनी लक्षणे सुरू झाल्यावर काही तासांतच अँजिओग्राफी केली. चार तासांच्या आत तपासलेल्या रुग्णांपैकी ८७ टक्क्यांत रोहिणी पूर्ण बंद असल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाल्यावर गुठळीवरील उपचारांचा मार्ग मोकळा झाला. १९८६ मध्ये इटलीतील ‘गिसी’ चाचणीने स्ट्रेप्टोकायनेजचा लाभ दाखवला. १९८८ मधील ‘आयसिस-२’ या १७,१८७ रुग्णांच्या चाचणीत पाच आठवड्यांतील हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू ॲस्पिरिनने २३ टक्क्यांनी, तर स्ट्रेप्टोकायनेज व ॲस्पिरिन एकत्र दिल्यास ४२ टक्क्यांनी घटले. आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे जागृत रुग्णावर पहिली हृद्‌रोहिणी अँजिओप्लास्टी केली होती. पुढे हेच तंत्र स्टेमीच्या तातडीच्या उपचाराचा पाया बनले.